काळूचा आवाज काढणाऱ्या इंगळेबाई

इंगळेबाई रस्ता एकट्यानं ओलांडत नसत. सिंहगड रोडवर बसमधून उतरल्या, की कडेला उभ्या राहायच्या आणि शेजारी जो कुणी असेल त्याला विचारायच्या, "अहो, पलीकडं जाताय का? मग मलाही न्या." माणूस हो म्हणाला, की त्याची बाही दोन बोटांत धरायच्या आणि पलीकडं पोचेपर्यंत श्वास सोडायच्या नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले त्या पहिल्या दिवशी ती बाही माझी होती. पलीकडं पोचल्यावर म्हणाल्या, "मी मराठी शिकवते, ग्रंथालयही बघते. तुम्हाला कुत्र्यांची भीती वाटते का?"

मी नाही म्हणाले.

"वा! मग उद्यापासून आपण बरोबरच येऊ."

चार दिवसांत त्या मला 'वैशाली' आणि 'तू' म्हणायला लागल्या.

त्यांना कुत्र्यांची भीती वाटे. तशीच विजेच्या बटणांची, गॅस पेटवण्याची, पालकसभेची आणि अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनची. उंचीची तर इतकी, की तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रंथालयाकडं जाताना त्या गॅलरीच्या कठड्यापासून लांब, भिंतीला खांदा घासत चालायच्या. त्यांच्या सगळ्या साड्यांचा उजवा खांदा चुन्यानं पांढरा झालेला असायचा. खांद्यावरच्या पिशवीत टॉर्च, शिट्टी, सुतळीचं बंडल, गूळ-शेंगदाणे आणि जुलाबावरची पावडर. मुलं विचारायची, "बाई, हे कशाला?" त्या गंभीरपणे सांगायच्या, "कुठं अडकले तर."

गंमत अशी, की शाळेत कुणी घाबरलं तर त्यांनाच बोलावलं जायचं. एकदा पाचवीतली मृण्मयी स्वच्छतागृहात अडकली. कडी गंजली होती, सुतार यायला वेळ होता आणि आत ती किंचाळत होती. आम्ही बाहेरून "घाबरू नकोस, घाबरू नकोस" असा गिल्ला करत होतो. इंगळेबाई आल्या. दाराला तोंड लावून म्हणाल्या, "मृण्मयी, घाबरलीस ना? मीही घाबरलेय. आता मला सांग, आत काय काय दिसतंय?" आतून रडत आवाज आला, "बादली." "कसल्या रंगाची?" "निळी." "आणखी?" पाऊण तास ते चाललं. शेवटी मुलीनं भिंतीवरच्या कोळ्याचे पाय मोजून सांगितले. सुतारानं दार उघडलं तेव्हा मुलगी शांत होती आणि बाईंना खुर्ची आणून द्यावी लागली.

हे त्यांना एका पुस्तकानं शिकवलं होतं.

लग्न होऊन त्या वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यातून धायरीत आल्या, तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. नवरा कारखान्यात पाळीवर. खोलीच्या बाहेर पडायची त्यांची छाती होत नसे. शेजारच्या रद्दीवाल्याकडून पुड्या बांधायला आणलेल्या कागदांत त्यांना एक जुनं भाषांतरित पुस्तक सापडलं. मुखपृष्ठ नाही, पहिली पानं नाहीत. लेखक कोण, कुणाला माहीत. जहाज फुटून एका बेटावर फेकल्या गेलेल्या गोऱ्या कप्तानाची गोष्ट. किनाऱ्यावर आल्यावर तो काहीच पराक्रम करत नाही. उलट्या पडलेल्या होडीखाली तीन दिवस लपून बसतो. तहान लागलेली असते, झरा ऐकू येत असतो, तरी बाहेर येत नाही.

"मी ते वाचलं आणि वाटलं, अगं बाई, हा तर माझ्यासारखाच आहे," त्यांनी मला सांगितलं होतं. "चौथ्या दिवशी तो बाहेर येतो. त्याच दिवशी मी दूध आणायला एकटी गेले."

ते पुस्तक त्या दर वर्षी सातवीला वाचून दाखवत. शनिवारी शेवटचा तास, ग्रंथालयात, मुलं सतरंजीवर. वाचायला लागल्या की या बाईंचं वेगळंच रूप दिसायचं. वादळ आलं की आवाज खोल जायचा, पाऊलखुणा दिसल्या की कुजबूज. मध्येच पुस्तक मिटून विचारायच्या, "आता तुम्ही असता तर काय केलं असतं?" मुलं ओरडायची, "झाडावर चढलो असतो!" "बरोबर. एकटं पडलात तर आधी उंच जागा गाठा. तिथून सगळं दिसतं." दुसऱ्या वर्गांतली मुलं दाराबाहेर उभी राहून ऐकायची. मीही प्रयोगशाळेतून निघून दाराशी थांबायचे.

पुस्तकाच्या मध्यावर कप्तानाला बेटावरचा एक माणूस भेटतो. कप्तान त्याला 'काळू' म्हणतो. त्याचं खरं नाव पुस्तकात कुठंच नाही, कारण कप्तान ते विचारतच नाही. काळू पाया पडतो, ओझी वाहतो, मोडकंतोडकं बोलतो. भाषांतरकारानं त्याच्या तोंडी अशी मराठी घातली होती की ऐकून हसूच यावं. इंगळेबाई त्या पानांवर काळूचा आवाज काढायच्या. खांदे पाडायच्या, डोळे मोठे करायच्या आणि नाकातून म्हणायच्या, "मालीक, मी तुमी कुत्रा, मालीक." वर्ग लोळायचा हसून. पालकसभेत ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, त्या बाईंना सगळ्या वर्षात तेवढा एकच हशा मिळायचा. तो त्यांना आवडायचा. मीही दाराशी उभी राहून हसले आहे.

त्या वर्षी सातवीत सविता पावरा होती. नंदुरबारकडच्या डोंगरातली. वडील कालव्यापलीकडं एका बांधकामावर वॉचमन, आई तिथंच मजुरीला, राहायला पत्र्याची खोली. रंगानं सावळी, बोलायला कमी. घरची बोली वेगळी असल्यानं मराठी बोलताना तिचे शब्द कधी पुढंमागं व्हायचे. पण गणितात वर्गात पहिली.

वाचनात काळू आला तो शनिवार होता. सोमवारी माझ्या प्रयोगशाळेत सविता उत्तर द्यायला उभी राहिली आणि मागून कुणीतरी नाकातून म्हणालं, "मालीक!" वर्ग फिसकन हसला. मला नीट ऐकू आलं होतं. मी "शांत बसा" एवढंच म्हणाले आणि फळ्याकडं वळले. अभ्यासक्रम मागं पडला होता.

त्या आठवड्यात तिचं नाव काळू पडलं. मधल्या सुट्टीत, पाण्याच्या नळावर, सगळीकडं. मला ते माहीत होतं. इंगळेबाईंना नव्हतं. खरंच नव्हतं, असं मला अजून वाटतं.

पुढच्या शनिवारी साडेअकराला शाळा सुटली. दोनच्या सुमाराला मी आणि बाई ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालत होतो, तेव्हा शिपाई सविताच्या आईला घेऊन वर आला. तिच्या हातांना सिमेंट लागलेलं होतं.

"सविता नाय आली घरी," ती म्हणाली. "तिची मैत्रीण सांगते, शाळेत रडत होती."

"का रडत होती?" बाईंनी विचारलं.

आईला ते सांगता येईना. मग मला सांगावं लागलं. मी सांगत असताना बाईंच्या हातातली कात्री टेबलावर पडली. त्या माझ्याकडं बघत होत्या, पण मी त्यांना दिसत नसावे.

"बाप्पा," त्या म्हणाल्या. फार घाबरल्या की त्यांच्या तोंडून गावाकडची बोली यायची. "कुठी गेली असन ती पोट्टी?"

आम्ही तिघी निघालो. रस्ता ओलांडताना बाईंनी माझी बाही धरली नाही. गाड्या करकचून थांबल्या, एक दुचाकीवाला शिव्या देत गेला, त्यांना कळलंही नाही. कालव्यावर पोचलो. त्या दिवशी कालवा तुडुंब वाहत होता. पाणी वरून संथ दिसतं, पण त्यात पडलेली चप्पल बघता बघता नाहीशी होते हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही काठानं चालत होतो आणि पाण्याकडं बघायची माझी हिंमत होत नव्हती. न बघण्याचीही होत नव्हती. एका ठिकाणी काहीतरी निळं तरंगत आलं. आमच्या शाळेचा गणवेश निळा. आई धावत सुटली. ती प्लॅस्टिकची ताडपत्री होती. मी काठावरच खाली बसले.

काठावर गुरं बांधून एक म्हातारे बसले होते. जमिनी विकल्या तरी दोन म्हशी ठेवलेल्या त्या गावातल्या लोकांपैकी. म्हणाले, "पोरगी ना? मघाशी गेली हितनं. दप्तर व्हतं पाठीला. पुलावरनं पल्याड गेली, बिल्डिंगींकडं. पान्याकडं न्हाय गेली, बाई. म्या बघत व्हतो."

सविताच्या खोलीशेजारी एक अकरा मजली इमारत होती. काम बंद पडलेलं. भिंती नाहीत, कठडे नाहीत, नुसते खांब आणि स्लॅब. जिन्याच्या तोंडाशी आडवा पत्रा लावलेला. तिचे वडील आसपासच्या सगळ्या गल्ल्या धुंडून आले होते आणि आता पोलीस चौकीकडं निघाले होते. बाई त्या इमारतीखाली थांबल्या आणि मान वर करून बघू लागल्या.

"उंच जागा गाठा," त्या पुटपुटल्या. "वैशाली, हे मीच शिकवलं."

पत्रा एका बाजूनं वाकवलेला होता. एक लहान मूल आत जाईल एवढा.

आईला जिन्याखाली थांबवून, पत्रा आणखी वाकवून आम्ही दोघी चढलो. जिन्याला एका बाजूनं भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. लिफ्टसाठी सोडलेली मोकळी जागा तळापर्यंत उघडी. बाई भिंतीला पूर्ण चिकटून, हातापायांवर चढत होत्या. दर मजल्यावर थांबून डोळे मिटायच्या आणि पुन्हा चढायच्या. पाचव्या मजल्यावर वारा लागायला लागला. सातव्यावर त्यांनी मला पदराचं टोक धरायला सांगितलं. आठव्या मजल्यावर पोचलो आणि वर बघितलं, तर पुढच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर काळे बूट काढून शेजारी शेजारी ठेवलेले होते.

त्यापलीकडं, नवव्या मजल्याच्या स्लॅबवर सविता आमच्याकडं पाठ करून बसली होती. गुडघे पोटाशी घेतलेले. तिच्यापासून हातभर अंतरावर स्लॅब संपत होता.

मी पुढं व्हायला लागले. बाईंनी माझं मनगट धरलं. "जाऊ नको. दचकली तर?" पिशवीतली शिट्टी त्यांनी वाटेत गळ्यात अडकवली होती. ती वाजू नये म्हणून त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. मग त्या जिन्यातच मटकन खाली बसल्या. दुसऱ्या हातानं खांबातून बाहेर आलेली गंजलेली सळई पकडली आणि अगदी साध्या आवाजात बोलल्या, "सविता, मी इंगळेबाई. मी खालच्या जिन्यात बसले आहे."

सविता हलली नाही.

"माह्या पायात जीव नाही राह्यला, सविता. मले उतरता येत नाही."

मला वाटलं, मुलीला परत आणायला बाईंनी युक्ती केली. मग मी त्यांचा सळईवरचा हात पाहिला. बोटं पांढरी पडली होती.

वरून आवाज आला. "तो आवाज काढा ना, बाई. काळूचा."

"नाही काढणार."

"वर्गात काढता."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "मला सगळे हसतात ते आवडायचं. कुणाला हसतात ते मी पाहिलंच नाही."

खाली कुठंतरी पत्रा वाऱ्यानं आपटत होता.

"बरोबर वैशाली मॅडम आहेत?"

"आहे. तीही घाबरली आहे."

"त्यांना ऐकू आलं होतं. त्या फळ्याकडं वळल्या."

त्या पोरीनं इतकंच म्हटलं.

मग ती उठली. उठताना तिचा पाय स्लॅबवरच्या वाळूत जरासा घसरला आणि बाईंच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी कधीही विसरणार नाही. सविता जिन्याकडं आली. वरच्या पायरीवर बसून तिनं बूट घातले, दोन्ही नाड्या नीट बांधल्या. मग खाली येऊन तिनं बाईंची बोटं एकेक करून सळईवरून सोडवली.

"भिंतीकडं बघा, बाई," ती म्हणाली. "खाली नका बघू. मी पुढं उतरते."

आठ मजले ती पुढं, तिच्या खांद्यावर हात ठेवून बाई मागं, आणि सगळ्यात शेवटी मी. खाली आई उभी होती. तिनं मुलीला मारलं नाही की जवळ घेतलं नाही. नुसती तिच्या स्कर्टवरची वाळू झटकत राहिली, झटकत राहिली.

परत जाताना रिक्षात बाई म्हणाल्या, "मी इतकी वर्षं त्या कप्तानाच्या होडीखाली बसले होते, वैशाली. बेटावर आधीपासून कुणी राहत असेल, हे माझ्या मनातच आलं नाही."

सोमवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावून घेतलं. "इंगळेबाई, आपल्याकडं नवीन पुस्तकं आहेत. चित्रं आहेत, कुणाचं जहाज बुडत नाही. ते जुनं प्रकरण माझ्या कपाटात ठेवा."

बाईंनी कप बशीत ठेवला. "ठेवते," त्या म्हणाल्या. "पण आज मला सातवीचा एक तास हवा."

त्या तासाला मीही जाऊन बसले. या वेळी दाराशी नाही, आत. बाईंनी सविताला आधी एकटीला भेटून विचारलं होतं की तिच्यासमोर बोललं तर चालेल का. तिनं होकारार्थी मान डोलावली होती. वर्गात बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितलं, की हे पुस्तक त्यांना का आवडतं आणि त्यात काय वाईट आहे. ज्यानं ते लिहिलं त्याला काळू माणूस वाटला नाही, आणि त्या स्वतः तो आवाज काढत राहिल्या म्हणजे त्यांनाही वाटला नाही. "तुम्ही हसलात, कारण मी तुम्हाला हसवलं. सवितानं ते भोगलं. तिची मी माफी मागितली आहे, आता तुमच्यासमोर पुन्हा मागते." मागच्या बाकावरचे दोघं रडायला लागले. मग मी उभी राहिले आणि मी काय ऐकलं होतं आणि काय केलं नव्हतं ते सांगितलं. मला ते बाईंइतकं चांगलं जमलं नाही.

सवितानं हात वर केला. "शेवटी त्याचं काय होतं?"

"जहाज येतं. कप्तान सुटतो. काळू किनाऱ्यावर राहतो."

"म्हणजे तो घरीच राहतो," सविता म्हणाली. "अडकला होता तो कप्तान."

बाईंनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडून पुन्हा वाचलं.

त्या आठवड्यात पालकांच्या तक्रारी आल्या. काहींचं म्हणणं, असली पुस्तकं शाळेत हवीत कशाला. खराडीला मोठ्या कंपनीत असलेल्या एका वडिलांचं म्हणणं, पुस्तक ठीक आहे, पण शिक्षकांनी मुलांसमोर माफी मागून त्यांच्या मनावर ओझं का टाकावं. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "निम्म्यांना पुस्तक नको, निम्म्यांना माफी नको. चहा मात्र सगळ्यांनी घेतला." पण जूनमध्ये त्यांनीच कपाट उघडून ते पुस्तक इंगळेबाईंच्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "या वेळी नीट."

तेव्हापासून दर वर्षी वाचन सुरू करण्यापूर्वी बाई दहा मिनिटं बोलायच्या. या गोष्टीत एक घाबरलेला माणूस आहे आणि तो मला फार आवडतो. याच गोष्टीत एक माणूस आहे ज्याला कुणी नाव विचारत नाही. तिथं आलो की मी थांबणार. कुणाला हसू आलं तर का आलं ते आपण बोलू. कुणाला ऐकवेनासं झालं तर मला येऊन सांगा, तिथं वाचन थांबेल. आणि थांबायच्या. एका वर्षी तर एका मुलीनं सांगितलं म्हणून पुस्तक अर्ध्यावर मिटलं आणि पुढची गोष्ट मुलांनीच लिहिली, बेटावरच्या माणसाच्या बाजूनं. त्याला नावही मुलांनीच दिलं.

त्या दहा मिनिटांची त्यांना प्रचंड भीती वाटे. आधी तोंड धुऊन यायच्या, पाणी प्यायच्या, मला म्हणायच्या, "तिसऱ्या रांगेत कोण बसलंय ते मला ठाऊक नसतं गं." मी म्हणायचे, "बाई, मग सोडून द्या ना. दुसरं वाचा." त्या मान हलवायच्या. "होडीखाली बसलेलंही कुणीतरी असतं ना तिथं."

सविता नववीपर्यंत आमच्याकडं होती. मग वडिलांचं काम हिंजवडीकडं निघालं आणि तिनं तिकडच्या शाळेत नाव घातलं. जाण्याआधी ती ग्रंथालयात येऊन बाईंजवळ बराच वेळ बसली होती. त्यांचं काय बोलणं झालं, ते दोघींनीही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

इंगळेबाई निवृत्त झाल्या आणि मुलाकडं राहायला गेल्या. फोनवर कधीतरी बोलणं व्हायचं, तेही त्यांनी नंबर ओळखला तरच.

गेल्या महिन्यात सिव्हिल कोर्टाच्या भुयारी मेट्रो स्टेशनात मी सरकत्या जिन्यावरून वर येत होते. तो जिना चांगलाच खोल आहे, खालून वरचं टोक फार लांब वाटतं. अर्ध्यावर आले तेव्हा वर, खाली उतरणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी, इंगळेबाई दिसल्या. केस पूर्ण पांढरे. पायांपुढून पायऱ्या सरकत निघताना त्या बघत होत्या. लोक त्यांच्या बाजूनं जात होते आणि त्या प्रत्येकाला हातानं पुढं व्हा म्हणत होत्या. एक पाय उचलायच्या, मागं घ्यायच्या. चेहरा पार पांढराफटक पडला होता. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. दचकल्या असत्या.

मग त्यांनी पाय टाकला. जराशा झोकांडल्या, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि उभ्या राहिल्या. आम्ही एकमेकींच्या जवळून गेलो, मी वर, त्या खाली. त्यांची नजर पायरीवर खिळली होती, ओठ हलत होते. मी वर पोचल्यावर वळून खाली वाकून पाहत राहिले. त्या जिन्यावरून उतरल्या आणि गर्दीतून हळूहळू फलाटाकडं चालू लागल्या. भुयारातून गाडी येत असल्याचा वारा वर आला, आणि तेवढ्यात माझ्या समोरून माणसांचा एक घोळका गेला.